मेक इन्स्टॉलच्या आधीचे सगळे

सोर्स कोड खुला असला की प्रोग्रॅम वापरणाऱ्याचा झाला, असे गेली तीसेक वर्षे सर्रास सांगितले जाते. मुक्त सॉफ्टवेअरचा जो इतिहास लिहिला जातो तोही याच समजुतीभोवती फिरतो: कोणी कोड खुला केला, कोणी दडवून ठेवला, परवान्यात काय लिहिले. पण सोर्स कोड हा नुसता मजकूर असतो. संगणकावर चालतो तो कंपाइलर आणि लिंकरमधून निघालेला, डझनभर लायब्रऱ्यांशी जोडलेला बायनरी प्रोग्रॅम. मजकुरापासून बायनरीपर्यंतच्या या टप्प्याला प्रोग्रॅमर मंडळी ‘बिल्ड’ म्हणतात. तो एका यंत्रावर जमला म्हणून दुसऱ्यावर जमेलच असे नाही, आणि ऑपरेटिंग सिस्टिम बदलली तर पहिल्या फटक्यात सहसा जमत नाहीच. खुल्या कोडचा प्रत्यक्ष उपयोग कोणाला करता आला आणि कुठल्या यंत्रावर, हे परवान्याइतकेच या बिल्डच्या यंत्रणेने ठरवले आहे, असे माझे म्हणणे आहे. इतिहासकारांनी तिला तळटीपेत ढकलले, याचे कारण साधे आहे. ती कंटाळवाणी आहे.

सुरुवातीच्या मंडळींना ही अडचण पुरती ठाऊक होती. बेल लॅब्जमध्ये १९७३ साली युनिक्सचा गाभा सी भाषेत नव्याने लिहिला गेला, आणि एका यंत्रावरचा प्रोग्रॅम फारसा न बदलता दुसऱ्यावर नेता येईल अशी आशा निर्माण झाली. पुढे १९७८ साली स्टीव्ह जॉन्सन आणि डेनिस रिची यांनी या प्रयत्नांवर एक लेख लिहिला. त्यातला निष्कर्ष आजही थांबून विचार करावा असा आहे. प्रोग्रॅम हलवताना हार्डवेअरमधला फरक जेवढा आडवा येतो तेवढाच ऑपरेटिंग सिस्टिममधला फरकही येतो, असे त्यांच्या लक्षात आले. मग त्यांनी प्रोग्रॅम प्रत्येक सिस्टिमशी जुळवत बसण्याऐवजी अख्खी ऑपरेटिंग सिस्टिमच नव्या यंत्रावर नेली. त्यांचे यंत्र होते इंटरडेटा ८/३२. जवळपास त्याच वेळी ऑस्ट्रेलियात वोलाँगाँगला इंटरडेटा ७/३२ वरही युनिक्स उभे राहिले. कामगिरी मोठी होती यात शंका नाही. तरी वेगवेगळ्या सिस्टिमवर एकच प्रोग्रॅम कसा बांधायचा या प्रश्नाला तिने उत्तर दिले नाही. सगळीकडे एकच सिस्टिम असेल तर प्रश्न उरणार नाही, एवढेच सांगितले. पुढच्या पन्नास वर्षांत हीच युक्ती निरनिराळ्या नावांनी परत परत केली गेली.

त्याआधी दोन वर्षे, १९७६ मध्ये, बेल लॅब्जमध्येच स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ लिहिला. त्याचे निमित्त बिल्डच्या इतिहासाला शोभणारे आहे. स्टीव्ह जॉन्सन एके दिवशी वैतागून त्यांच्याकडे आले. त्यांची अख्खी सकाळ एका बरोबर असलेल्या प्रोग्रॅममधली चूक शोधण्यात गेली होती. चूक दुरुस्त झालेली होती, फक्त ती फाइल पुन्हा कंपाइल करायची राहून गेली होती. फेल्डमन यांनाही नुकताच तोच अनुभव आला होता. कुठली फाइल कशावर अवलंबून आहे हे एकदा लिहून ठेवावे आणि कशाची वेळ उलटून गेली आहे ते यंत्राने पाहावे, ही मेकची कल्पना इतकी नेमकी निघाली की आजही असंख्य प्रकल्प तिच्यावर उभे आहेत. मेकफाइलमध्ये आज्ञेच्या ओळीआधी टॅबच हवा, मोकळ्या जागा चालत नाहीत, हा कुप्रसिद्ध नियमही तेव्हाचाच. त्याचा त्रास काही आठवड्यांतच लक्षात आला होता. पण तोवर डझनभर लोक मेक वापरू लागले होते आणि त्यांची घडी विसकटू नये म्हणून फेल्डमन यांनी तो तसाच ठेवला. बारा जणांच्या सोयीसाठी ठेवलेला टॅब नंतरच्या काही पिढ्यांनी मुकाट्याने भोगला. बिल्डच्या यंत्रणेत घेतलेले निर्णय प्रोग्रॅमपेक्षा जास्त टिकतात, याचा याहून चांगला पुरावा शोधावा लागणार नाही.

मेकला काय कशावर अवलंबून आहे हे कळत होते. आपण कुठल्या सिस्टिमवर आहोत हे कळत नव्हते. १९८० च्या दशकात ही उणीव डोकेदुखी झाली, कारण युनिक्स एक राहिलेच नाही. बर्कलेचे वेगळे, एटी अँड टीचे सिस्टिम व्ही वेगळे, शिवाय सन, एचपी, आयबीएम, डिजिटल या प्रत्येकाचे आपापले. एकीकडे मजकूर शोधायचे फंक्शन एका नावाचे, दुसरीकडे दुसऱ्या. हेडर फाइलच्या नावात एका अक्षराचा फरक. वापरणाऱ्याने मेकफाइल उघडून आपल्या सिस्टिमप्रमाणे ओळी बदलाव्यात अशी अपेक्षा असे. लॅरी वॉल यांनी १९८४ च्या सुमारास आपल्या न्यूजरीडरसोबत एक शेल स्क्रिप्ट दिली. ती यंत्रावर काय आहे आणि काय नाही याची स्वतः चौकशी करी, अधूनमधून थट्टाही करी. व्हीएमएस या ऑपरेटिंग सिस्टिमवर युनिक्सचा आभास निर्माण करणारी युनिस नावाची प्रणाली तुमच्या यंत्रावर नसल्याबद्दल ती चक्क अभिनंदन करायची. जून १९९१ मध्ये डेव्हिड मॅकेंझी ग्नू प्रकल्पातल्या अनेक उपयुक्त प्रोग्रॅमची देखभाल करत होते. मेकफाइलमध्ये हाताने निवडायचे पर्याय वाढत वाढत वीसच्या घरात गेले होते आणि प्रत्येक नवी आवृत्ती त्यांनाच निरनिराळ्या यंत्रांवर तपासावी लागत होती. त्यांनी अंदाज बांधणारी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली आणि तिच्यातून ऑटोकॉन्फ जन्माला आले. त्यातला विचार महत्त्वाचा होता: सिस्टिमचे नाव विचारू नका, तिला काय जमते ते करून पाहा. एक चिमुकला प्रोग्रॅम कंपाइल करायचा. झाला तर ती सोय आहे, नाही तर नाही. ‘कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल’ हा तीन आज्ञांचा क्रम यातूनच रूढ झाला.

त्याच जून १९९१ मध्ये ग्नूच्याच जीपीएल परवान्याची दुसरी आवृत्ती निघाली. हा योगायोगच, पण अर्थपूर्ण. १९८९ च्या पहिल्या आवृत्तीत संपूर्ण सोर्स कोड म्हणजे सर्व भागांचा सोर्स, एवढीच व्याख्या होती. दुसऱ्या आवृत्तीत तिच्यात कंपाइल आणि इन्स्टॉल करण्यासाठी वापरलेल्या स्क्रिप्टही आल्या. म्हणजे बिल्डच्या यंत्रणेशिवाय कोड अपुरा आहे हे परवाना लिहिणाऱ्यांनीच दोन वर्षांत मान्य केले. त्यांनी एक सूटही ठेवली: ऑपरेटिंग सिस्टिमसोबत नेहमी मिळणारा कंपाइलर वगैरे द्यायची गरज नाही. ही सूट युनिक्सच्या जगात वाढलेल्या माणसांची होती, जिथे कंपाइलर यंत्रासोबतच येत असे. पुढच्याच वर्षी सनने सोलारिस २ बाजारात आणताना कंपाइलर वेगळा काढून विकायला ठेवला. ग्नूचा जीसीसी हा कंपाइलर १९८७ पासून होता. सनच्या या निर्णयाने त्याला जे गिऱ्हाईक मिळाले ते कोणत्याही प्रचाराने मिळाले नसते.

विंडोजवर कंपाइलर तर नव्हताच, पण कॉन्फिगर स्क्रिप्ट चालवायला लागणारे शेलही नव्हते. ऑटोकॉन्फने युनिक्सच्या पन्नास जाती हाताळल्या, पण ज्या जमिनीवर उभे राहून ते प्रश्न विचारी ती जमीन युनिक्सचीच होती. जगातले बहुसंख्य डेस्कटॉप जिकडे होते तिकडे ते तोंडही उघडू शकत नव्हते. १९९५ मध्ये सिग्नस कंपनीत स्टीव्ह चेंबरलेन यांनी काढलेला तोडगा जॉन्सन आणि रिची यांच्या वळणावरचाच होता. प्रत्येक ग्नू साधन विंडोजसाठी बदलत बसण्यापेक्षा युनिक्सच्या हाका समजणारी एकच लायब्ररी विंडोजवर बसवावी, म्हणजे कॉन्फिगर स्क्रिप्टला आपण घरीच आहोत असे वाटेल. हे सिगविन. ते चालले, पण संथ. युनिक्समध्ये नवी प्रक्रिया सुरू करण्याची जी पद्धत आहे ती विंडोजमध्ये मुळातच नाही; तिचे सोंग आणायला वेळ लागतो, आणि कॉन्फिगर तर हजारो चिमुकल्या प्रक्रिया सुरू करते. मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा कंपाइलर विकत घ्यावा लागे. २००५-०६ च्या सुमारास त्याची एक्सप्रेस आवृत्ती फुकट झाली. तोवर विंडोजवर बसून एखाद्या मोठ्या खुल्या प्रोग्रॅममध्ये दुरुस्ती करणे हा तयारीच्या माणसाचाच उद्योग होता. मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचा कल लिनक्सकडे झुकण्यामागे तत्त्वे होतीच. तिथे बिल्ड होतो आणि इथे होत नाही, हे कारणही तेवढेच वजनदार होते, असे मला वाटते.

नेटस्केपने ३१ मार्च १९९८ रोजी आपल्या ब्राउझरचा कोड खुला केला, तेव्हा परवाना आणि बिल्ड यांमधली दरी सगळ्यांना दिसली. अमेरिकेच्या निर्यातबंदीमुळे एन्क्रिप्शनचा भाग काढून टाकावा लागला होता. दुसऱ्या कंपन्यांकडून घेतलेले भागही गळाले होते. युनिक्सवरची खिडक्या-बटणांची बाजू मोटिफ या लायब्ररीवर उभी होती आणि ती तेव्हा खुली नव्हती. लोक ज्या ब्राउझरचा वापर करत होते तो या कोडमधून तयार होत नव्हता. ऑस्ट्रेलियातल्या काही जणांनी दिवसभराच्या आत एन्क्रिप्शन पुन्हा बसवून दाखवले, हे खरे. पण ती माणसे त्या विद्येतली जाणकार होती. बाकीच्यांना मिळाला एक प्रचंड मजकूर.

या ब्राउझरच्या वंशजाची, फायरफॉक्सची, एक गोष्ट मराठी वाचकाला थेट लागू पडते. युनिकोडमध्ये देवनागरी मजकूर उच्चाराच्या क्रमाने साठवतात. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर येते आणि पडद्यावर काढताना तिला आधी नेऊन ठेवावे लागते. जोडाक्षरे आणि रफार यांचीही अशीच जुळणी लागते. विंडोजमध्ये हे काम युनिस्क्राइब नावाचा सिस्टिमचा भाग करी, अर्थात एक्सपीमध्ये भाषांच्या सेटिंगमध्ये जाऊन तो आधी सुरू करावा लागे. लिनक्सवर हे काम पँगो या लायब्ररीचे. फायरफॉक्सच्या पहिल्या दोन पिढ्यांच्या सोर्स कोडमध्ये पँगो वापरायची सोय होती, पण तो कंपाइल करतानाचा पर्याय होता. मोझिलाने स्वतः बांधून दिलेल्या लिनक्सच्या प्रतीत तो बंद असे. फेडोरासारख्या वितरणांच्या प्रतीत चालू. नाव तेच आणि सोर्सही जवळपास तोच, पण एका प्रतीत ‘किल्ला’ नीट वाचता येई आणि दुसऱ्या प्रतीत वेलांटी भलतीकडे जाऊन जोडाक्षर हलन्तासकट फुटलेले दिसे. पँगोमुळे ब्राउझर मंदावतो म्हणून कितीतरी इंग्रजी वापरकर्ते तो मुद्दाम बंद करत. त्यासाठी एक एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलच ठेवले होते. २००८ च्या फायरफॉक्स ३ मध्ये पँगो पर्यायी राहिला नाही आणि हा प्रश्न मिटला. तोवर लिनक्सवर मराठी संकेतस्थळ वाचता येईल की नाही हे कुठल्याही परवान्याने ठरत नव्हते. बिल्ड करणाऱ्याने कॉन्फिगरला कोणता पर्याय दिला यावर ठरत होते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: स्वतः कंपाइल करतो कोण? फ्रीबीएसडीमध्ये जॉर्डन हबर्ड यांनी १९९४ मध्ये ‘पोर्ट्स’ सुरू केले, डेबियन आणि रेड हॅट यांनी तयार पॅकेज दिली, मॅकवर २००९ पासून होमब्रू आहे. सामान्य माणसाचा कंपाइलरशी संबंध उरला नाही. मग बिल्डचा इतिहास मूठभर तंत्रज्ञांपुरताच नाही का? आक्षेपातली वस्तुस्थिती मला मान्य आहे. पण वरचे फायरफॉक्सचे उदाहरण नेमके त्याच वस्तुस्थितीतले आहे. आपण कंपाइल करत नाही, याचा अर्थ आपल्या वतीने कोणीतरी करतो आणि पर्यायही तोच निवडतो. पोर्ट्सच्या झाडात प्रत्येक प्रोग्रॅमसोबत फ्रीबीएसडीसाठी केलेल्या दुरुस्त्यांच्या फाइली असतात. डेबियनच्या पॅकेजातही असतात. त्या प्रोग्रॅमच्या मूळ लेखकाने लिहिलेल्या नसतात, पुष्कळदा त्याने पाहिलेल्याही नसतात. काम मूठभर माणसांकडे गेल्याने त्याचे महत्त्व घटत नाही. उलट त्या मुठीत काय आहे हे पाहण्याची गरज वाढते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सनने १९९५ मध्ये जावा आणली ती एकदा लिहा आणि कुठेही चालवा अशा आश्वासनासह. गिटहबने २०१३ मध्ये सुरू केलेल्या इलेक्ट्रॉनमुळे आज एकाच जावास्क्रिप्टमधून तिन्ही सिस्टिमवरचे डेस्कटॉप प्रोग्रॅम निघतात. मग निरनिराळ्या सिस्टिमवर कंपाइल करण्याची कटकट ही जुन्या काळाचीच नव्हे काय? इथे पुन्हा इंटरडेटाची आठवण ठेवावी. जावाचे यंत्र, म्हणजे ज्याच्यावर जावा चालते तो प्रोग्रॅम, प्रत्येक सिस्टिमसाठी वेगळा बांधावाच लागतो. इलेक्ट्रॉनच्या प्रत्येक प्रोग्रॅमसोबत अख्खे क्रोमियम, म्हणजे एक पूर्ण ब्राउझर, येते, आणि ते बांधायला डिस्कवर शंभर गिगाबाइटची मोकळी जागा हवी असे त्याच्या सूचनांतच लिहिलेले आहे. कटकट संपली नाही, ती काही थोड्या कंपन्यांच्या आवारात जमा झाली. तेथून बांधून येणारे क्रोमियम बदलून घेण्याचा अधिकार परवाना प्रत्येकाला देतो. तो बजावण्याची ऐपत असलेली माणसे फार थोडी आहेत.

प्रश्न जागेवरून न हलवता त्याला भिडण्याचा एक प्रामाणिक प्रयत्न सीमेकचा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाच्या पैशावर वैद्यकीय प्रतिमांसाठी एक लायब्ररी तयार होत होती आणि ती विंडोजवरही चालायला हवी होती. तिच्यासाठी २००० च्या सुमारास किटवेअर कंपनीने हे साधन लिहिले. सीमेक स्वतः बिल्ड करत नाही. युनिक्सवर मेकफाइल, विंडोजवर व्हिज्युअल स्टुडिओचा प्रकल्प, मॅकवर एक्सकोडचा प्रकल्प असे प्रत्येक गावच्या रिवाजाप्रमाणे लिहून देते आणि त्याला शेल लागत नाही. त्याची भाषा कुरूप आहे हे त्याचे चाहतेही कबूल करतात. २००५ मध्ये क्यूटी ४ ही लायब्ररी विंडोजवरही जीपीएलखाली आली आणि तिच्यावर उभ्या असलेल्या केडीई या डेस्कटॉपला विंडोजचे दार उघडले. पण केडीईची ऑटोकॉन्फवर रचलेली बिल्ड यंत्रणा प्रकल्पातल्या मोजक्यांनाच समजत होती. दुसरे एक साधन वापरून पाहून सोडल्यावर २००६ मध्ये केडीईने सीमेक घेतले. शेकडो जणांनी लिहिलेला डेस्कटॉप बांधण्याची विद्या बोटांवर मोजता येतील एवढ्या माणसांकडे होती, आणि हे त्या प्रकल्पालाही दुसऱ्या सिस्टिमवर जायची वेळ आली तेव्हाच खुपले.

मॅकवर गोष्ट आणखी एक पाऊल पुढे गेली. २०१२ पासून गेटकीपर हा सिस्टिमचा पहारेकरी आणि २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून ॲपलकडून तपासून घेण्याची अट यांमुळे बिल्डच्या शेवटी एक सही आली. स्वतःच्या मॅकवर स्वतः कंपाइल केलेला प्रोग्रॅम आजही चालतो. तोच दुसऱ्याला नेटवरून दिला की सिस्टिम त्याला अडवते. ही अडवणूक टाळायची तर वर्षाला ९९ डॉलर भरून ॲपलचे सदस्य व्हावे लागते. सुरक्षेसाठी हे गरजेचे आहे हा युक्तिवाद पोकळ नाही. अनोळखी बायनरी चालवणे धोक्याचेच आहे. पण कोणाचा बिल्ड अधिकृत हे आता सिस्टिमचा मालक ठरवतो. जीपीएलच्या २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीने ग्राहकाला विकलेल्या उपकरणांसाठी बदललेला प्रोग्रॅम बसवायला लागणारी माहिती, प्रसंगी किल्ल्यासुद्धा, द्यायला लावल्या त्या याच जातीच्या कुलपांवर उपाय म्हणून. १९९१ मध्ये परवान्यात स्क्रिप्ट आल्या, सोळा वर्षांनी किल्ल्या आल्या. आणि लिनक्सचा गाभा मात्र दुसऱ्याच आवृत्तीवर थांबला.

राहता राहिला विश्वासाचा मुद्दा. १९८४ मध्ये छापलेल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात केन थॉम्पसन यांनी दाखवले होते, की कंपाइलरमध्येच चोरवाट लपवली तर लॉगिन प्रोग्रॅमचा सोर्स अक्षरन् अक्षर वाचूनही ती सापडणार नाही. बरीच वर्षे ही गोष्ट हुशार कोड्यासारखी सांगितली गेली. २९ मार्च २०२४ रोजी तिचा एक चुलत भाऊ प्रत्यक्ष सापडला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएचने लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतो असे दिसले आणि माग काढत ते एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या लायब्ररीपर्यंत पोचले. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट होती. दोन वर्षांहून जास्त काळ काम करून विश्वास कमावलेल्या एका टोपणनावाच्या माणसाने ती घातली होती. तिचा विषारी ऐवज चाचणीच्या फाइलींत दडवला होता आणि तो बाहेर काढणारी ओळ होती कॉन्फिगर तयार करणाऱ्या एका मॅक्रो फाइलमध्ये. ती फाइल गिटमधल्या कोडमध्ये त्या रूपात नव्हती. फक्त प्रसिद्ध केलेल्या गठ्ठ्यात होती. शिवाय ती आपण कुठे आहोत हे तपासून पाही: ६४ बिट लिनक्स, जीसीसी, आणि डेबियन किंवा आरपीएम पॅकेज बांधले जात असेल तरच जागी होई. सिस्टिमला प्रश्न विचारून त्याप्रमाणे वागण्याची जी हुशारी ऑटोकॉन्फने कॉन्फिगरला शिकवली, तीच इथे कामाला लावली होती.

यावर उत्तर म्हणून पुनरुत्पादनक्षम बिल्डचे नाव घेतले जाते. डेबियनमध्ये २०१३ पासून या दिशेने काम चालू आहे: बायनरीत शिरणाऱ्या वेळेच्या नोंदी, फोल्डरची नावे, फाइलींचा क्रम असे फरक काढून टाकायचे, म्हणजे दोन माणसांनी वेगवेगळ्या यंत्रांवर एकाच सोर्समधून बांधलेली बायनरी बिट न् बिट सारखी निघेल आणि कोणी मधे हात घातला तर लगेच कळेल. काम चिकाटीचे आहे, आणि थॉम्पसन यांच्या भीतीला मिळालेल्या उत्तरांत हे सर्वांत व्यवहार्य आहे असे मी मानतो. पण एक्सझेडला ते पकडू शकले नसते. तो गठ्ठा घेऊन दहा जणांनी बिल्ड केला असता तर दहाही बायनरी तंतोतंत सारख्या निघाल्या असत्या, चोरवाटेसकट. ही पद्धत बायनरी त्या सोर्सशी जुळते का एवढेच सांगते. आणि इथे ज्याला सोर्स म्हटले जात होते त्यात यंत्राने लिहिलेली हजारो ओळींची कॉन्फिगर स्क्रिप्ट धरलेली होती. ती सगळेच गठ्ठ्यासोबत वाटतात, सगळेच चालवतात, आणि वाचून पाहावी असे कोणाच्याही मनात येत नाही.